पांढऱ्या बर्फावर पांढरं जनावर: एक्सपोजर नेमकं कशावरून ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक हौशी छायाचित्रकार येत्या जूनमध्ये दहा दिवसांच्या जहाजसफरीवर नॉर्वेच्या उत्तरेच्या ध्रुवीय समुद्रातल्या स्वालबार्ड बेटांवर निघालेत. मागे जानेवारीत ते गुलमर्गला गेले होते, तेव्हा सगळा बर्फ राखाडी-निळसर आला. कुणीतरी ‘प्लस दोन करा’, म्हणजे कॅमेरा ठरवेल त्याहून दोन स्टॉप उजळ काढा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), असं सांगितलं. तसं केलं तर पुढचे फोटो पांढरेफटक झाले आणि बर्फाचा पोतच उडाला. आता ध्रुवीय अस्वल समोर आल्यावर पुन्हा तेच होईल अशी त्यांना धास्ती आहे. प्लस किती करायचं, बऱ्याच फोटोंत अस्वल पिवळट का दिसतं आणि त्यांची २००-६०० लेन्स पुरेल का, असं त्यांनी विचारलंय.

‘प्लस दोन’ चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर बर्फ आहे की कोळसा, हे कळत नाही. जे दिसेल त्याची सरासरी मधल्या करड्यावर आणून ठेवायची, एवढंच त्याचं काम. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडातला ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो आणि मीटरचा करडा असतो साधारण १८ टक्क्यांचा. म्हणजे बर्फ त्याच्यापेक्षा दोन-सव्वादोन स्टॉपने उजळ. मीटरचं ऐकलं तर तो तेवढाच काळवंडतो. तुमचा गुलमर्गचा राखाडी बर्फ इथून आला.

मग प्लस दोन केल्यावर जळला कसा? आजकालच्या कॅमेऱ्यांचं मल्टी मीटरिंग, म्हणजे अख्खी फ्रेम मोजणारी पद्धत, समोर भरपूर उजेड दिसला की आपणहून थोडं वाढवून देतं. किती वाढवतं ते कंपनीनुसार आणि फ्रेमनुसार बदलतं. त्यात एका कोपऱ्यात देवदार किंवा खडक आला की मीटर आणखी वाढवतं. त्यावर तुम्ही तुमचे दोन स्टॉप चढवले. हा आकडा पाठ करून उपयोग होत नाही तो यासाठी.

मी बर्फात मॅन्युअल मोडशिवाय काम करत नाही, आणि ऑटो आयएसओसुद्धा बंद. कारण साधं आहे. स्वालबार्डला जूनमध्ये आभाळ निरभ्र असेल तर उजेड अर्धा-अर्धा तास जवळपास तसाच राहतो. बदलत राहते ती तुमची फ्रेम. आत्ता नुसता बर्फ, मग अस्वल आणि मागे काळं पाणी, मग अस्वल आणि निळा हिमखडक. उजेड तोच असताना मीटरचा आकडा मात्र दर वेळी वेगळा. अस्वल काही बदललेलं नसतं. तेव्हा एक्सपोजर उजेडावरून एकदा ठरवायचं आणि ढग येईपर्यंत किंवा सूर्याची बाजू बदलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. जनावर समोर असताना डोकं जनावराकडे असलं पाहिजे, डायलकडे नाही.

आता ठरवायचं कसं? माझ्या मते सगळं उत्तर या एका गोष्टीत आहे: फ्रेममधलं सर्वांत उजळ पांढरं कुठलं, ते आधी शोधा. बर्फ पांढरा, अस्वल पांढरं, कोल्हा पांढरा, हे आपण बोलण्यापुरतं म्हणतो. प्रत्यक्षात ही चार-पाच वेगवेगळी पांढरी असतात आणि त्यांच्यातला क्रम ऊन कुठून येतंय त्यावर ठरतो.

यासाठी तिथला सूर्य समजून घ्या. पुण्या-नाशकात मे महिन्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. तिथे २१ जूनच्या भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३५ अंश वर असतो. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी तीन वाजण्याच्या सुमाराला असतो तेवढाच. साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट तो मावळतच नाही, नुसता गोल फिरतो, आणि जूनच्या मध्यरात्री ११-१२ अंशांवर येतो. म्हणजे ऊन सदैव तिरकं.

तिरकं ऊन सपाट बर्फावर घासत जातं, पण उभ्या वस्तूवर थेट आदळतं. संध्याकाळी अंगणातल्या शहाबादी फरशीवर मंद उजेड असतो आणि पश्चिमेकडची चुना दिलेली भिंत मात्र डोळे दिपवते. अगदी तेच. आता त्या भिंतीच्या जागी अस्वलाची बरगडी ठेवा.

हे मला एका जूनमध्ये नीट कळलं. ८० अंशांच्या वर, समुद्रबर्फाच्या कडेला जहाज थांबलं होतं. रात्रीचा एक वाजलेला, सूर्य आमच्या पाठीशी, खाली. एक मादी आमच्या डावीकडून उजवीकडे चालली होती. बर्फाच्या कड्यांवरून उतरायची, मध्येच थांबून हवेत नाक वर करायची. मी आधीच स्पॉट मीटरने (फ्रेममधला एक छोटा ठिपकाच मोजणाऱ्या मीटरने) सपाट बर्फ मोजून त्याला प्लस दोनवर बसवलं होतं: आयएसओ ४००, एफ ७.१, १/१००० सेकंद. पहिले सहा फोटो घेतले. बर्फ अगदी हवा तसा. पण स्क्रीनवर तिची आमच्याकडची अख्खी कूस काळी-पांढरी लुकलुकत होती, म्हणजे जळालेली. अस्वलाची लव बर्फापेक्षा काळपट असते हे मला माहीत होतं, आणि त्या भरवशावर मी बर्फ सांभाळला की अस्वल आपोआप सांभाळलं जाईल असं धरून चाललो होतो. दुपारच्या उन्हात ते खरं ठरतं. रात्री एकच्या उन्हात तिची कूस त्या उन्हाला छाती काढून उभी होती आणि बर्फ आडवा पडला होता. शटर १/१६०० वर नेलं, कुशीवरचे केस परत दिसायला लागले. बर्फ किंचित सावळा झाला, पण मध्यरात्रीचा बर्फ तसाच असतो.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. ऊन पाठीशी किंवा बाजूला आणि खाली असेल तर मी सपाट बर्फ मोजत नाही. सूर्याकडे तोंड केलेला बर्फाचा एखादा उभा कंगोरा शोधतो आणि स्पॉट मीटर त्याच्यावर धरतो. जनावराच्या अंगावर पडणारं ऊन जवळपास तेवढंच असतं. ऊन समोरून, म्हणजे जनावराच्या पाठीमागून येत असेल तर त्याचं आपल्याकडचं अंग सावलीत असतं आणि बर्फच सर्वांत उजळ. अशा वेळी सपाट बर्फ मोजायचा आणि अस्वल काळपट येऊ द्यायचं. त्याच्या कडेची सोनेरी रेघ हेच त्या फोटोचं मोल आहे. तिथे अस्वल उजळ करायच्या नादात रेघ जाळू नका. आभाळ भरलेलं असेल तर सावल्याच नाहीत. तिथे पुन्हा बर्फ सर्वांत उजळ, अस्वल त्याच्यावर स्वच्छ पिवळसर उठून दिसतं आणि प्लस पावणेदोन-दोन बिनधास्त चालतं.

मोजलेल्या उजळ बर्फाला प्लस किती द्यायचं, हे तुमच्या कॅमेऱ्यावर आहे आणि ते घरी काढता येतं. एक पांढरा टर्किश टॉवेल घ्या, जाड लूपवाला. सकाळी नऊच्या उन्हात दोरीवर टाका. रॉ मोडमध्ये (कॅमेरा प्रक्रिया न करता फाइल देतो तो), मॅन्युअलवर, स्पॉट मीटर टॉवेलच्या मधोमध धरून शून्यापासून सुरू करा आणि एक-तृतीयांश स्टॉपने वाढवत प्लस साडेतीनपर्यंत जा. दहा-अकरा फोटो होतील. संगणकावर उघडून हायलाइटचा स्लायडर पूर्ण खाली ओढा आणि बघा, टॉवेलचे लूप कुठल्या फोटोपर्यंत सुटे सुटे दिसतात आणि कुठून पुढे नुसता पांढरा गोळा होतो. जिथे शेवटचे लूप दिसले त्याच्या दोन-तृतीयांश स्टॉप अलीकडचा आकडा तुमचा. माझ्या एका कॅमेऱ्याला तो प्लस दोन आहे, दुसऱ्याला प्लस अडीचच्या जवळ. एक सकाळ जाईल, पण स्वालबार्डच्या डेकवर तुम्ही अंदाजाने काही करणार नाही.

हिस्टोग्रामबद्दल, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाबद्दल, एक सावधगिरी. तुम्ही रॉ काढत असलात तरी मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम कॅमेऱ्याने आत बनवलेल्या जेपेगचा असतो. पिक्चर स्टाइल भडक असेल तर तो उगाच घाबरवतो. ती न्यूट्रल करा, कॉन्ट्रास्ट खाली घ्या. आणि तीन रंगांचा हिस्टोग्राम चालू ठेवा. मध्यरात्रीच्या केशरी उन्हात आधी लाल रंग जळतो. एकत्र आलेख अजून शांत असतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. स्क्रीनवरच्या चित्रावर तर अजिबात भरवसा ठेवू नका. चहूकडून बर्फाचा झगझगाट असताना ती स्क्रीन अंधारी दिसते आणि माणूस न कळत वाढवत जातो. गॉगल लावायलाच हवा, नाहीतर डोळे भाजून निघतात. पण पोलराइज्ड गॉगलमधून काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळ्या दिसतात, तेव्हा घ्यायच्या आधी तुमच्या कॅमेऱ्यासमोर धरून बघा.

आता पिवळं अस्वल. ते बऱ्याच अंशी खरंच पिवळट असतं. त्याच्या केसात रंगद्रव्य नसतं. जाड केस आतून पोकळ आणि पारदर्शक, त्याखाली कातडी काळी. पांढरेपण उजेड विखुरल्यामुळे दिसतं. सील खाताना चरबी अंगाला लागते आणि लव दुधावरच्या सायीसारखी, कधी चक्क हस्तिदंती होते. तेव्हा त्याला सर्फ एक्सेलमधून काढल्यासारखं करू नका, ते खोटं दिसतं.

पण फोटोत ते असतं त्याहून पिवळं होतं तेव्हा दोष निळ्याचा असतो. बर्फातल्या सावलीवर ऊन पडत नाही, फक्त निळं आभाळ पडतं, म्हणून ती निळी असते. डोळा ते माफ करतो, सेन्सर करत नाही. लोक घरी येतात, निळी सावली बघून बिचकतात आणि व्हाइट बॅलन्स (फोटोची निळी-पिवळी छटा ठरवणारं सेटिंग) उबदार करत करत सावली करडी करून टाकतात. मग उन्हातला बर्फ मळका पिवळा आणि अस्वल हळद लावल्यासारखं. सावली निळीच राहू द्या. मी व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर कायम ठेवतो. ऑटोवर दर फोटोला वेगळा रंग येतो आणि एकाच अस्वलाचे वीस फोटो वीस रंगांचे होतात. निळा फारच अंगावर येत असेल तर रॉ सॉफ्टवेअरमध्ये फक्त निळ्या रंगाची घनता १०-१५ अंकांनी कमी करा, सगळा फोटो ढवळू नका.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती मला फार आवडते. १९७० च्या दशकात कॅनडात बर्फावरची सीलची पांढरी पिल्लं विमानातून मोजायची होती आणि साध्या फोटोत ती दिसतच नव्हती. संशोधकांनी अतिनील किरणांत फोटो काढले. बर्फ अतिनील किरणं परत फेकतो, पण त्या पिल्लांची आणि ध्रुवीय अस्वलांची लव ती शोषून घेते. पांढऱ्या बर्फावर पांढरी जनावरं त्या फोटोंत काळी ठिक्क उमटली. पांढरं म्हणजे काय, हे शेवटी बघणाऱ्याच्या डोळ्यावर आहे.

अस्वलाचं एक बरं आहे, दोन डोळे आणि नाक असे तीन काळे ठिपके फोकसला मिळतात. आजच्या कॅमेऱ्यांचं आय-डिटेक्शन साधारण जवळ असेल तर ते पकडतं. लांबच्या अस्वलावर मात्र ते पुढच्या बर्फाच्या कंगोऱ्यावर उडी मारतं, कारण त्या कंगोऱ्याला जास्त कॉन्ट्रास्ट असतो. तेव्हा एकच छोटा पॉइंट घ्या आणि तो अस्वलाच्या मागच्या बर्फाशी होणाऱ्या कडेवर ठेवा, पाठीच्या मधोमध नाही. पाठीच्या मधोमध कॅमेऱ्याला धरायला काहीच नसतं. बर्फ भुरभुरत असेल तर ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, नाहीतर फोकस प्रत्येक भुरभुरीमागे धावतो.

कठीण आहे तो टार्मिगन. बर्फात राहणारा तितराएवढा पक्षी, आणि स्वालबार्डच्या जमिनीवर बारा महिने टिकून राहणारा हा एकटाच. हिवाळ्यात अंगावर फक्त शेपटीची पिसं काळी, तीही बसल्यावर झाकलेली. नराला चोचीपासून डोळ्यापर्यंत एक काळी रेघ आणि वसंतात डोळ्यावर लाल तुरा. जूनमध्ये तुम्हाला मादी तपकिरी झालेली दिसेल, नर मात्र बराच काळ पांढरा राहतो. एप्रिलमध्ये अॅडव्हेंटडालेन दरीत आमचा गट एका उतारावर थांबला होता. गाइड सांगत होता, इथेच आहे, आवाज येतोय. दुर्बिणी लावून पाच-सहा जण शोधत होते. साताऱ्याच्या एक काकू म्हणाल्या, ‘‘अहो, तिथे सावली कशाची पडलीय?’’ बर्फावर चिंचोक्याएवढी निळी सावली होती आणि तिच्या टोकाला नर बसला होता. आम्ही चौघे पोटावर झोपून वीस मिनिटं तो हलेपर्यंत थांबलो. ऊन उजवीकडून, दहा-पंधरा अंशांवर. छातीवर ऊन, पाठीवर निळी सावली, मध्ये पिसांची एक मऊ सीमारेषा. त्या रेषेमुळे तो गोल दिसत होता. तोच पक्षी ढगाळ हवेत असता तर फोटोत एक चोच, एक डोळा आणि एक लाल ठिपका कागदावर तरंगताना दिसला असता. तोही फोटो चांगला होऊ शकतो, पण तो तुम्ही ठरवून काढलेला असला पाहिजे.

म्हणून पांढऱ्यावर पांढऱ्याला वेगळं करायचं असेल तर आडवं ऊन शोधा आणि पक्ष्याच्या आधी सावली शोधा. कोल्ह्यालाही हेच लागू. जूनपर्यंत बहुतेक कोल्ह्यांची लव झडून तपकिरी झालेली असते, त्यामुळे पांढरा कोल्हा हवा असेल तर मार्च-एप्रिल. आयव्हरी गल मात्र तुम्हाला जूनमध्ये बर्फाच्या कडेला भेटेल. संपूर्ण पांढरा पक्षी, काळे पाय, काळा डोळा. उडताना तो काळ्या पाण्यावरून बर्फावर येतो तेव्हा ऑटो एक्सपोजरवाल्यांचे अर्धे फोटो जळतात. तुमचं मॅन्युअल असेल तर काही करायचं नाही, नुसतं त्याच्यामागे फिरायचं. शटर १/२५०० च्या खाली नको.

लेन्सबद्दल. तुमची २००-६०० पुरेल, पण अपेक्षा बदला. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणं कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही जूनमध्ये जाताय, म्हणजे ५०० मीटर. अस्वल आपणहून जवळ यायला लागलं तरी मागे सरकायची जबाबदारी आपली. गणित करून बघा: सव्वादोन-अडीच मीटर लांबीचं अस्वल ५०० मीटरवर ६०० मिमी लेन्सने फुल फ्रेम सेन्सरवर जेमतेम तीन मिलिमीटरचं उमटतं. फ्रेमच्या रुंदीचा बारावा भाग. डोळ्यात डोळे घालणारं पोर्ट्रेट यातून निघत नाही, आणि निघू नये. त्या महिन्यांत माद्यांबरोबर पिल्लं असतात, सीलच्या शिकारीवर त्यांचं पुढचं अख्खं वर्ष अवलंबून असतं. एका जहाजाने हुसकलेली शिकार म्हणजे उपाशी पिल्लू. मला हा नियम मनापासून पटतो. माझ्या भिंतीवर जे अस्वलाचे फोटो आहेत त्यांतल्या बहुतेकांत अस्वल करंगळीच्या नखाएवढंच आहे आणि भोवती मैलोन्‌मैल तुटलेला समुद्रबर्फ. त्याचं जग दिसतं ते अशाच फोटोत.

आणि याचा एक्सपोजरशी थेट संबंध आहे. जनावर फ्रेमचा बारावा भाग असेल तर मीटरला ते दिसतच नाही, त्याला नुसता बर्फ दिसतो. गुलमर्गपेक्षाही जास्त फसाल, म्हणून वर एवढं सांगितलं.

इतक्या लांबून फोटो काढताना आणखी एक शत्रू आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही: हवेची थरथर. डांबरी रस्त्यावर मे महिन्यात दिसते तशी. लोक समजतात थंडीत ती नसते. उलट, केबिनमधून उबदार लेन्स बाहेर आणली की पहिली वीस-तीस मिनिटं लेन्सच्या हूडमध्येच कोमट हवा घुसळत राहते आणि सगळे फोटो मऊ येतात. माणसाला वाटतं फोकस चुकला. सफरीच्या दिवसांत लेन्स बाहेरच, झाकलेल्या जागी ठेवून द्या. ताबडतोब काढावंच लागलं तर हूड काढून टाका. डेकवर धुराड्याच्या आणि गरम हवेच्या झडपांच्या वाऱ्याखाली उभं राहू नका. केबिनच्या उघड्या खिडकीतून तर मुळीच काढू नका. जहाजाच्या नाकावर, खालच्या डेकवर जागा धरा. कोन खाली मिळतो आणि अस्वल क्षितिजावर उठतं.

थंडीबद्दल फार लांबण लावत नाही. जूनमध्ये तापमान शून्याच्या आसपास असतं, तुमचा कॅमेरा ते सहज सोसतो. बॅटऱ्या लवकर बसतात, म्हणून दोन जादा बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात. बारीक विणीचे पातळ हातमोजे आणि त्यावर जाड मोजे, जाड मोजा काढला तरी कातडी धातूला लागू नये. खरी काळजी आत येताना घ्यायची. थंड कॅमेरा उबदार केबिनमध्ये नेला की काचेवर दव धरतं, आणि ते आतल्या भिंगांवर धरलं तर दोन दिवस जात नाही. म्हणून दाराबाहेरच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा बॅगेत घालून चेन पूर्ण लावा आणि बॅग दोन-तीन तास उघडू नका. जेवून घ्या, फोटो कार्डवरून बघा.

तुमच्या जहाजाच्या कार्यक्रमात न्यू-ओलेसुन असेल तर चांगलं आहे. तिथे आपलं हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे, २००८ मध्ये सुरू झालेलं. त्या गावाच्या २० किलोमीटर परिसरात वायफाय-ब्लूटूथसारख्या रेडिओ लहरींवर बंदी असते, कारण तिथल्या उपकरणांना अवकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत टिपायचे असतात. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा हे सगळ्यांना आठवतं, कॅमेऱ्याचं ब्लूटूथ आणि वायफाय मात्र विसरतं. मेनूत ते कुठे आहे ते आताच बघून ठेवा.

घरी आल्यावर फोटोवर काम करताना ‘ऑटो’ बटणाला हात लावू नका. ते सर्वांत उजळ बर्फ २५५ वर ढकलतं (० म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं). माझा उन्हातला बर्फ २४०-२४५ च्या आसपास असतो, त्यापुढे फक्त बर्फाच्या स्फटिकांच्या ठिणग्या. अस्वलाची लव २०० ते २२५. प्रिंट काढणार असाल तर हे अंतर फार महत्त्वाचं. २५५ म्हणजे छपाईत कोरा कागद. बर्फ कोरा राहिला तर फोटो कुठे संपला आणि पांढरी चौकट कुठे सुरू झाली तेच कळत नाही. मॉनिटरचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणून मग ठरवा.

तुमच्या हातात अजून काही महिने आहेत. टॉवेलची चाचणी या रविवारी करा. नंतर उन्हाळ्यात उरण किंवा वसईकडच्या एखाद्या मिठागरात मालकाला विचारून सकाळी सातला जा. मिठाच्या राशी बर्फासारख्याच चमकतात, तिथे बगळे बसलेले असतात, ऊन तिरकं असतं. आधी ऊन आपल्या पाठीशी ठेवून बगळा मिठासमोर काढा, मग त्याच बगळ्याला काळ्या चिखलासमोर, सेटिंग न बदलता. दोन्ही फोटोंत बगळ्याची पिसं सारखीच मोजता आली पाहिजेत. ती आली, की तो आकडा एका चिकटपट्टीवर लिहून लेन्सच्या हूडच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका.